ॲम्बॅसॅडरची चाकं

"धर, धर! सोडू नको, नाहीतं माह्या डोक्यावर येईन!"

"धरली, आबाजी! पण तुम्ही आधी स्टूल सांभाळा!"

धूळ उडवत पत्र्याची पेटी एकदाची माळ्यावरून खाली आली आणि देवराव आबाजी धापा टाकत तिच्याशेजारी फरशीवरच बसले. बारा वर्षांच्या नीलमला फार आनंद झाला होता. पेटीत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. आनंद याचा, की आबाजी आज चक्क बोलत होते!

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि नीलमला अमरावतीहून अकोल्याला, जठारपेठेत आबाजींकडे धाडण्यात आलं. "आजी गेल्यापासून ते एकटे पडलेत, तुझी सोबत होईल," आई म्हणाली होती. कसली सोबत! आबाजी वरण-भात वाढायचे, "मीठ पायजे काय?" एवढं विचारायचे आणि मग पेपर उघडून बसायचे. पान काही उलटायचे नाहीत. दुपारी तर अकोल्याच्या उन्हात कुत्रंही बाहेर फिरकायचं नाही. सगळी गल्ली कूलर लावून झोपायची आणि नीलम त्या घरघरीत एकटी जागी असायची. शेजारची आचल आणि तिचा भाऊ शिवम संध्याकाळी गल्लीत खेळायचे, पण ते तिला 'अमरावतीवाली' म्हणायचे आणि खेळायला बोलवायचे नाहीत. नीलमला रोज रात्री घरची आठवण येऊन रडू यायचं. ते ती उशीत तोंड खुपसून रडायची.

आबाजींनी पेटी उघडली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तो तुकडा त्यांनी हलकेच सोडला.

"बापरे! गाडी!"

हातभर लांबीची ॲम्बॅसॅडर होती ती! पत्र्याला गंज चढला होता, रंगाचे पोपडे निघाले होते आणि समोरची काच पिवळी पडून तडकली होती. पण तो गोल बॉनेट, ती जाळी, ते फुगीर दरवाजे! सगळं खऱ्यासारखं होतं.

"म्या केली हे. दहावीत होतो तवा," आबाजी म्हणाले. "आमच्या गावात डॉक्टरसाहेब येत, तेयची होती अशी. ड्रायवर लिंबाखाली झोपला, की मी सुतळी घेऊन गाडीखाली! सुतळीले गाठी मारून मापं घेतली. फुटाले एक इंच. एक खेप ड्रायवर जागा झाला आन् मले चोर समजून गावभर पळवलं!"

"मग?"

"मग काय! सुतळी नाई सोडली हातची!"

आणि आबाजी हसले. तोंडभर, डोळे बारीक करून हसले! नीलम बघतच राहिली.

"हे आता नवी करतो," ते म्हणाले. "रंग मागवून ठेवला हाय, पॉलिश पेपर हाय. तू मदत करशीन काय?"

"करीन!" नीलम ओरडलीच. तिनं गाडी उचलली आणि तिचा चेहरा उतरला. "आबाजी, हिला चाकं नाहीत."

आबाजींनी गाडी उलटी केली. खाली चाकांच्या जागा रिकाम्या होत्या. त्यांनी पेटी चाचपली, लुगडं झटकलं, पुन्हा पेटी चाचपली.

"तेच तं खरे जीव होते तिचे," ते पुटपुटले. "शिसमाचे चाकं. त्यावर सायकलच्या ट्यूबचे टायर. थंड्याच्या बाटलीचे झाकणं घासून चकाकवले होते मधात..."

"आपण नवी करू ना!"

"जाऊ दे, बेटा. चाकं नाई तं गाडी कायची? डबा हाय तो." त्यांनी गाडी परत गुंडाळली. "सगळंच जाऊन रायलं."

पेटी बंद झाली आणि आबाजीही. ते पुन्हा पेपर घेऊन बसले. इतक्या दिवसांनी दार उघडून हसऱ्या आबाजींनी नुसतं डोकावावं आणि कुणीतरी ते दार आपल्या तोंडावर लावावं, असं नीलमला झालं. ती चाकं सापडली नाहीत, तर आबाजी आता परत बोलायचे नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी ते लवंडल्यावर तिनं गुपचूप गाडी बाहेर काढली. एक गोष्ट तिला खटकली. चाकं उचकटलेली नव्हती, स्क्रू पिळून नीट काढलेली होती. आणि ते स्क्रू? एकूण एक, पुन्हा आपापल्या भोकात बसवलेले! आता सांगा, चाकं चोरणारा चोर स्क्रू कशाला जपून ठेवील?

"ज्याला चाकं परत आणून लावायची असतील, तोच ठेवेल!" नीलम स्वतःशीच म्हणाली.

ती तडक शेजारी गेली. शिवम ओट्यावर आंबा चोखत बसला होता. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी आचल मोबाइल बघत होती.

"काय वो अमरावतीवाली?" शिवम म्हणाला. "इतक्या उन्हात?"

"मला तुमची मदत पाहिजे," नीलम म्हणाली. "आबाजींच्या गाडीची चाकं हरवलीत. लाकडाची, मध्ये चकचकीत झाकणं असलेली. आमच्या घरात तुमचंच येणं-जाणं आहे, म्हणून विचारते."

"म्हंजे आमी चोर काय?"

"थांब रे!" आचल मोबाइलवर झपाझप बोट फिरवू लागली. "झाकणं असलेली चाकं... शिवम, तुह्या बैलाले होती ना तशी?"

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाचा, फोटो निघाला, तीन वर्षांपूर्वीचा. फेटा बांधलेला शिवम, हातात दोरी आणि दोरीला रंगवलेला लाकडी बैल. आचलनं फोटो मोठा केला. बैलाच्या पायाशी चार काळे टायर आणि चार चकचकीत झाकणं!

"बाप्पा रे!" शिवमच्या हातून कोय निसटली. "पण बाबा तं म्हणे बाजारातून आणली!"

गजेंद्रकाका, म्हणजे या दोघांचे बाबा, अकोल्यातले सर्वात आनंदी गृहस्थ होते, कारण कुठलंही काम ते आज करत नसत. "उद्या पाहू!" हे त्यांचं पालुपद. नळ गळतोय? उद्या पाहू. पंखा वाजतोय? उद्या पाहू.

"सरळ विचारलं तं टोलवतीन," आचल म्हणाली.

"मग सरळ विचारायचंच नाही," नीलम म्हणाली आणि तिनं दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं.

संध्याकाळी गजेंद्रकाका ओट्यावर चहा पीत होते. तिघं त्यांच्याजवळ फोटो बघत बसले.

"अय्या, किती साधी चाकं!" नीलम मोठ्यानं म्हणाली. "आमच्या अमरावतीत याच्याहून भारी मिळतात!"

"अमरावतीत?" कपबशी खाडकन खाली! "अवो बाई, अमरावतीत काय भेटते? ॲम्बॅसॅडरचे चाकं हायत ते! पन्नास वर्स झाले, अजून डुगडुगत नाई!"

"बाजारातली ना, बाबा?" आचलनं गोड आवाजात विचारलं.

पकडले गेलो, हे गजेंद्रकाकांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी मान खाली घातली.

"बैलाची चाकं तुटली होती," ते हळूच म्हणाले. "मी उद्या-उद्या करत रायलो आन् पोळ्याच्या सांजेले दुकानं बंद! शिवम रडून रडून झोपला. सुंदराकाकूनं, म्हंजे नीलमच्या आजीनं, भिंतीपलीकडून आयकलं. तिनंच आणून देली चाकं. म्हणे, 'गजू, उद्या परत दे, तेयले समजू नोको देऊ.' मी म्हटलं, उद्या देतो."

"आणि?"

"शिवम मोठा झाला, बैल पातूरले गेला. दुर्गाताईच्या नातवाले देला. काकू कितीक खेप विचारे मले..." त्यांनी चहा बाजूला सारला. "उद्या जाऊ आपण. पक्कं!"

"तुमच्या उद्याचीच तं भीती हाय!" शिवम म्हणाला.

सकाळी आचलनं आईला सांगितलं, "आम्ही पातूरला दुर्गाआत्याकडे जातो." तिघं पातूरच्या एसटीत बसले. आबाजींना काही सांगायचं नाही, एकदम चाकंच त्यांच्यापुढे ठेवायची, असं ठरलं. शिवमनं नीलमला खिडकी दिली, अर्धा संत्रागोळ्यांचा पुडा दिला आणि दोनदा तिला 'नीलम' म्हटलं. उन्हाच्या झळा तोंडावर घेत नीलम सुट्टीत पहिल्यांदाच कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावून बसली होती.

दुर्गाआत्यांच्या अंगणात शिरताच गडगड आवाज आला. चार वर्षांचा बिट्टू लाकडी बैल ओढत होता. बैलाचं एक शिंग गेलं होतं, रंग उडाला होता, पण चाकं अजून चकाकत होती!

"तीच चाकं!" म्हणत नीलम पुढे झाली तसा बिट्टूनं बैल पोटाशी धरला. "माहा हाय!"

"अवो पोट्टेहो, तुमीबी चाकाईसाठीच आल्या काय?" दुर्गाआत्या म्हणाल्या.

"म्हणजे? आणखी कोण आलं होतं?"

"सुंदराबाई! दिवाळी झाल्यावर आल्ती. एकटी, एसटीनं. पायऱ्या चढवत नव्हत्या तिले. इथं बसली, पाणी पेली. बिट्टू बैल ओढून रायला होता. तिनं निस्तं पायलं आन् म्हणे, 'राहू दे दुर्गा, लेकराच्या हातातून कसं काढू? म्हाताऱ्याले मीच सांगीन.'" आत्यांनी पदरानं डोळे टिपले. "म्हणे, 'लग्नाआधी मले पाहाले आले तवा हे गाडी संग घेऊन आल्ते. सगळा वेळ गाडीचंच सांगत बसले. म्या तवाच हो म्हटलं.'"

पौष लागला आणि आजी गेली. सांगायचं राहूनच गेलं.

नीलमला हुंदका आवरेना. चाकं हाताच्या अंतरावर होती आणि ती त्यांना हात लावू शकत नव्हती. तिनं आत्यांचा फोन घेतला.

"आबाजी, चाकं सापडली. पण तुम्हीच पातूरला दुर्गाआत्यांकडे या. आजी इथं आली होती."

"आलोच," एवढं म्हणून आबाजींनी फोन ठेवला.

तासाभरानं दारात मोटारसायकल थांबली. चालवत होते गजेंद्रकाका, मागे आबाजी! "आबाजी म्हणे, 'उद्या' म्हणू नोको," घाम पुसत काका म्हणाले. "दुकान सोडून आलो!"

आजी गेल्यापासून आबाजी गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे गेले नव्हते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"कुठी बसली होती?"

दुर्गाआत्यांनी ओट्याची कड दाखवली. आबाजी तिथं जाऊन बसले आणि त्या जागेवरून हात फिरवत राहिले.

बिट्टूला मात्र बैल थांबलेला आवडला नाही. तो आला आणि त्यानं बैल आबाजींच्या पायाशी ठेवला. "धक्का दे."

आबाजींनी धक्का दिला. बैल गडगडत अंगणाच्या टोकापर्यंत गेला, जराही न डुगडुगता.

"आबाजी, काढायची का चाकं?" नीलमनं विचारलं.

"नाई, बेटा. तिनं ठेवली, तं मी कसा काढू?" आबाजींनी डोळे पुसले. "आपण नवी करू. तू म्हटलंच होतं."

मग जठारपेठेतल्या त्या घराला दुपारची झोप राहिली नाही. शिवम गंज घासायचा, आचल खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि शर्टाच्या खोक्याच्या प्लास्टिकची काच कापायची, नीलम रंग द्यायची. आबाजी कानशीनं शिसमाचे तुकडे गोल करायचे. "हात हलका ठेव! दाबतं काहून?" असं दिवसभर चालायचं. गजेंद्रकाकांनी सायकलची ट्यूब आणली, तीही त्याच दिवशी! गल्लीत त्याचीच जास्त चर्चा झाली.

गाडी झाली त्या संध्याकाळी सगळे आबाजींच्या अंगणात जमले. पांढरीशुभ्र ॲम्बॅसॅडर फरशीवरून सरळ रेषेत पळाली!

"पोट्टे मोठे हुशार हायत बावा!" गजेंद्रकाका म्हणाले. "माह्यासारख्याले पकडलं!"

"तपास करावा तं यायनंच," आबाजी म्हणाले. "मी तं पेटी बंद करून मोकळा झाल्तो. या पोरीनं स्क्रू पायले! मले नसते दिसले."

नीलमचे कान लाल झाले. आचलनं तिला कोपरानं ढोसलं.

आबाजींनी गाडी उचलली, दोन्ही हातांनी मावळत्या उन्हात धरली आणि भान हरपून, स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली.

"सुंदरा, बाहेर ये बरं! पाय, झाली!"

आबाजींचे हात तसेच वर राहिले. चेहरा हळूहळू विझू लागला. शिवमनं मान खाली घातली.

नीलम उठली. ती आत गेली, स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आली आणि आबाजींसमोर मांडी घालून बसली.

"आजी नाही, आबाजी. मी आहे," ती म्हणाली. "मला दाखवा. पहिल्यापासून."

आबाजींनी गाडी तिच्या मांडीवर ठेवली. त्यांनी घसा साफ केला आणि ते सांगू लागले.