प्रवासापुरता हॉटस्पॉट

बाबांच्या पाटीसाठी मार्कर घ्यायला गेले होते, पण स्टेशनरीचं दुकान अजून उघडायचं होतं. शेजारचं मोबाइलचं दुकान उघडं होतं. तेही काम करायचंच होतं, म्हणून आत शिरले... सुरुवात एवढीच.

काउंटरमागे एकजण स्टुलावर बसून कुणाच्यातरी फोनचं झाकण उघडत होता. मान वर न करताच म्हणाला, "बोला."

"प्रीपेड हॉटस्पॉट हवाय. प्रवासात वापरायला, सहा आठवड्यांसाठी."

त्याने काचेवर दोन यंत्रं मांडली. चपटी, गुळगुळीत. मी त्यातलं देखणं उचललं.

"जाणार कुठे?"

"वरच्या खोऱ्यात. नदीवरचे पूल तपासायचेत. अकरा आहेत."

आता त्याने मान वर केली. डोळे शांत होते, पण खोऱ्याचं नाव ऐकताच त्यांत काहीतरी हललं.

"पूल तुम्ही तपासता?"

"का? मी पुलाखाली मावणार नाही असं वाटतंय?"

"नाही, तसं नाही..." तो चक्क लाजला. "इंटरनेट कशाला लागतं तिकडे?"

"घरी बोलायला. रोज संध्याकाळी सात वाजता."

"मग साधा फोन करा की. आवाजाला फारशी रेंज लागत नाही. उगाच या भानगडीत पडू नका."

"मला ऐकायचं नाहीये, बघायचंय. माझ्या वडिलांना आवाज नाहीये—"

आणि मग, का कोण जाणे, सगळंच सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, त्यात स्वरयंत्र काढावं लागलं. ऐकू सगळं येतं, पण बोलतात ते पांढऱ्या पाटीवर लिहून. घरात आम्ही दोघंच. मी नसताना समोरच्या काकू जेवणखाण बघतात, पण सात वाजता त्यांना मी समोर दिसायला हवी. आणि मलाही ते.

त्याने उघडलेला फोन बाजूला ठेवला. माझ्या हातातलं देखणं यंत्र अलगद काढून घेतलं.

"हे एकाच कंपनीचं सिम घेतं. दुसऱ्या पुलानंतर नुसती शोभेची वस्तू. आणि त्या दुसऱ्याच्या पॅकवर 'अनलिमिटेड' लिहिलंय, पण रोजचा डेटा संपला की त्याचं कासव होतं. वडील पाटी आधी उचलतील, तुम्हाला ती मागाहून दिसेल." खालच्या खणातून त्याने एक जाडजूड, काळं, कुरूप यंत्र काढलं. "हे घ्या. कुठलंही सिम चालतं, बाहेरचा अँटेना जोडता येतो. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिमं देतो. पुलांची यादी आहे का?"

यादी होती. एका कागदाच्या पाठीवर त्याने नदी काढली, पूल काढले आणि डोंगरावर एकेक टॉवर मांडत गेला. कुठला टॉवर कुठल्या गावाकडे तोंड करून आहे, कुठल्या पुलावर कुठलं सिम घालायचं, सगळं.

"तुम्हाला इतकं कसं माहीत?"

"यातल्या निम्म्या टॉवरवर चढलोय मी. अँटेना बसवायचो. बरोबरचे मला खार म्हणायचे." सिम आणायला तो उठला, तेव्हा दिसलं — डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. मी बघितलं, ते त्यानेही बघितलं. "आता फक्त स्टुलावर चढतो."

मला हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हसा हो. विनोद माझाच आहे," तो म्हणाला. "आणि घरचं वाय-फाय कसं आहे? रेंज दोन्ही टोकांना लागते, मॅडम. उद्या येऊन बघून जातो."

दुसऱ्या दिवशी तो तीन मजले चढून आला. बाबांनी त्याला नीट न्याहाळलं आणि पाटीवर लिहिलं, 'पाय कशाने गेला?'

"बाबा, असं विचारतात का?" मी म्हणाले.

पण त्याने सरळ उत्तर दिलं. "टॉवरवर पट्टा अडकवायचा राहिला, काका. घाईत होतो. चूक माझीच."

बाबांनी मान डोलावली. 'बस. चहा घे.'

तो त्या अक्षरांकडे बघतच राहिला. बाबांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. आजही त्यांनी घाईत लिहिलेला 'र' छापल्यासारखा उमटतो. मग त्याने राउटर कपाटामागून काढून खिडकीशी ठेवला, वायर भिंतीच्या कडेने नीट फिरवली आणि निघाला.

जिन्याशी थांबून म्हणाला, "मी दिवसाआड डोकावून जाईन. यंत्र नीट चालतंय ना, बघायला."

"कुठलं यंत्र? ते तर माझ्याबरोबर असणार."

तो एक पायरी उतरला... थांबला. "राउटर," म्हणाला आणि एकेक पायरी करत खाली गेला. तीन मजले उतरायला त्याला बराच वेळ लागला. मी दारात उभी राहून शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत राहिले.

खोऱ्यातले माझे दिवस पुलाखाली जात. दोराला लटकून हातोडीने पोलाद ठोकायचं आणि आवाजावरून गंज ओळखायचा. संध्याकाळी विश्रामगृहाच्या खिडकीत अँटेना लावायचा. बरोबर सातला बाबा दिसायचे. मागे त्यांची खुर्ची, आणि पडद्याच्या कडेला चौकटीच्या शर्टाचं एक कोपर. दिवसाआड नव्हे, रोज.

बाबांचं झालं की ते कोपर बोलायचं. "कुठलं सिम चाललंय?"

"दुसरं."

"अँटेना जरा डावीकडे करा."

"केला."

"हं... आता छान दिसताय."

कोपर झटकन पडद्याबाहेर गेलं.

"म्हणजे चित्र. चित्र छान दिसतंय."

तेवढ्यात पडद्यावर पाटी आडवी आली. 'मीही इथेच बसलोय.'

त्या संध्याकाळी मी किती हसले. पण चौथ्या आठवड्यात बाबा मान मफलरने झाकून बसू लागले. वाक्यं आखूड झाली. 'थंडी आहे.' सहामाही तपासणीचा रिपोर्ट यायचा होता, तो विचारला की एकच उत्तर, 'आला नाही.' आणि ते कोपर माझ्याशी फक्त अँटेनाबद्दल बोलायचं.

आठव्या पुलाशी पोहोचले आणि पाऊस कोसळायला लागला. दोन दिवस वरच्या टॉवरची वीज गेली, दोन्ही सिमं मेली. पुलावरच्या चौकीदाराच्या खोलीत तारेचा जुना फोन होता. त्यावरून दुकानात लावला.

"नंबर सांगा तिथला," तो म्हणाला. "मी काकांकडे जातो. सात वाजता तिथून लावतो."

सातला घंटी वाजली.

"फोन स्पीकरवर टाकलाय. तुमचं काकांना ऐकू येतंय. ते लिहितील, मी वाचतो." घसा साफ केला. "'जेवलीस का? हेल्मेट घालतेस की केसांची काळजी करतेस?'"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. दोन वर्षांत बाबांचं बोलणं पहिल्यांदाच माझ्या कानावर पडत होतं. आवाज दुसऱ्याचा होता, पण दटावणी बाबांचीच. तो स्वल्पविरामसुद्धा न चुकता वाचत होता.

"'पावसात भिजू नकोस,'" तो थोडा अडखळला, "'...चिमणे.'"

कितीतरी वेळ आम्ही तिघं असे बोललो. मग मी विचारलं, "बाबा, रिपोर्ट आला का?"

मार्करची करकर ऐकू आली. मग काहीच नाही.

"काय लिहिलंय?"

"...अक्षर लागत नाहीये."

"बाबांचं अक्षर?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. पलीकडे पाटी टेबलावर आपटल्याचा आवाज आला. एकदा, पुन्हा एकदा. वाच, असं म्हणत असावेत.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "काकांनी लिहिलंय ते मी वाचणार नाही. तुमच्या काळजीपोटीच लिहितायत, कळतं मला. पण ते माझ्या तोंडून तुम्हाला ऐकवणं... नाही जमणार. तुम्ही घरी या."

काहीतरी खाली पडलं आणि फोन बंद झाला. उजाडताच मी मिळेल त्या गाडीने निघाले.

घरी पोहोचल्यावर कळलं, रिपोर्ट येऊन नऊ दिवस झाले होते. मानेत पुन्हा गाठ होती. अकरा पूल वेळेत झाले तर माझी नोकरी पक्की होणार होती, म्हणून बाबांनी ठरवलं की आधी पूल होऊ देत. रिपोर्ट आणायला तो बरोबर गेला होता. त्याच्याकडून त्यांनी वचन घेतलं — तिला काही सांगायचं नाही.

त्याच्याबद्दल मी काही विचारायच्या आतच बाबांनी लिहिलं, 'त्याला या घरात पाऊल ठेवू देऊ नकोस.'

मी ते हाताने पुसलं. बाबांचं लिहिलेलं त्यांना न विचारता मी जन्मात पहिल्यांदा पुसलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यातला ताठा गेला आणि त्यांनी माझ्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

दुपारी दुकानात गेले. मला बघून तो उठला.

"काका कसे आहेत?"

"चिडलेत तुमच्यावर."

"चिडणारच. वचन मोडलं मी."

"नऊ दिवस तर पाळलंत." माझा आवाज चढला होता. "नऊ दिवस तुम्ही मला अँटेना डावीकडे करायला सांगत होतात."

त्याने नजर खाली घातली. "हो. तुम्ही सरळ विचारेपर्यंत वाटत होतं, आपण फक्त गप्प आहोत. तेही खोटंच होतं... उशिरा कळलं."

भांडायला मी बरीच वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"ऑपरेशन सोमवारी आहे," मी म्हणाले. "सकाळी आठला."

सोमवारी आम्ही पोहोचलो तेव्हा तो आधीच आलेला होता. कॉरिडॉरच्या पार टोकाच्या बाकावर, जवळ न येता. बाबांना आत न्यायची वेळ झाली. नर्स म्हणाली, चष्मा काढून द्या. मी हात पुढे केला. बाबांनी चष्मा काढला, माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि बोटाने त्याला बोलावलं. तो लंगडत, घाईघाईने आला. बाबांनी चष्मा त्याच्या हातावर ठेवला, त्याची मूठ मिटली, आणि त्या मुठीवर दोनदा थोपटलं. मग दार बंद झालं.

चार तास. आम्ही एकाच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलो.

"राउटर कधीच बिघडला नव्हता," बऱ्याच वेळाने तो म्हणाला.

"माहितीये मला."

"दिवसाआड येईन म्हणालो आणि रोज येत राहिलो. काकांशी गप्पा मारायला यायचो, ते खरंय. पण बरोबर सातलाच यायचो, ते..."

"ते काय?"

"तुम्ही दिसायचात म्हणून." समोरच्या भिंतीकडे बघत तो बोलत होता. "पडल्यानंतर चार वर्षांत मला कुठे जायची घाई झाली नव्हती. त्या दिवसांत पावणेसातला दुकान बंद करताना कुलूप लावायचंही राहून जायचं... ही बोलायची वेळ नाही, कळतं मला. तुम्ही काही उत्तर देऊ नका."

 मी मधल्या जागेत हात ठेवला. त्याने तो धरला नाही. आपला हात शेजारी टेकवला, बोटाला बोट लागेल इतकाच. तसेच बसून राहिलो.

बाराच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती. पुढे उपचार होते, तपासण्या होत्या. "पण आत्ता तरी चांगलं झालंय," ते म्हणाले. "एकाने आत यायला हरकत नाही."

मी उठले. त्याने लगेच हात बाजूला घेतला. चष्मा माझ्यापुढे धरला.

"तुम्ही जा आत. मी निघतो आता, घरचं माणूस आत असलं की माझं काय—"

"तू थांब," मी म्हणाले.

शब्द आपसूकच निघाला होता. आमचं इतके दिवस 'मॅडम' आणि 'तुम्ही'वर चाललेलं. तो बघत राहिला, चष्मा तसाच पुढे धरून. मी शब्द मागे घेतला नाही आणि चष्माही घेतला नाही.

"थांबतो," तो म्हणाला. मग जरा वेळाने, अगदी जपून, "तू जा आत. काका वाट बघत असतील."