मागचा सेन्सर

ताईच्या तळावरचा पंप बंद पडला होता आणि टाकीतलं पाणी उद्या दुपारपर्यंतच पुरणार होतं. वाळवंटात विहिरींची मोजणी करणारी सहा माणसं त्या पाण्यावर होती. पंपाचा सुटा भाग आणि पाण्याची पिंपं घेऊन मी आणि भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, सकाळीच निघालो. गाडी त्यांची, हत्यारांची पेटी माझी. मी गॅरेज चालवते. "गाडी तो चालवेल, ती चालती तू ठेव," ताई वायरलेसवर म्हणाली होती.

डांबरी रस्त्यावर गाडी मुकाट चालली. वाळूच्या पहिल्याच चढावर चारही चाकांना जोर दिला आणि डॅशबोर्डवरचा दिवा पेटला! पुढच्या चाकांचा जोर गेला. मागची चाकं वाळू उकरत रुतली! खोदलं, पत्रे घातले, निघालो. पुन्हा दिवा! पुन्हा खड्डा!

मी स्कॅनर लावला. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीला, ट्रान्सफर केसला, दोन सेन्सर असतात. एक पुढचा वेग सांगतो, दुसरा मागचा. दोघांचं पटत नव्हतं, म्हणून गाडी चार चाकांना नकार देत होती. तापलेल्या गाडीखाली उताणी पडून मी मागचा सेन्सर बदलला. दिवा पेटलाच. वायर तपासली, जोड पुसले, पुढचाही बदलला. दिवा होताच! भाऊजी सावलीत बसून सल्ले देत होते.

"वायर हलवून बघितलीस का?"

"भाऊजी, गाडीचं एवढ्यात काही काम केलंत का?"

"छे. हातसुद्धा लावला नाही."

ऊन कलायला लागलं तसं ते परत फिरू म्हणाले. माझं डोकं फिरलं. तिकडे ताई पाणी मोजून पीत असेल आणि हे घरी जायचं म्हणत होते! मी स्वतः गाडी कडक सपाटीवर नेली, दोनच चाकांवर सरळ चालवली आणि स्कॅनरवर दोन्ही वेगांचे आकडे पाहत राहिले. वेग वाढवला की फरक वाढे, कमी केला की घटे. बिघडलेला सेन्सर असा हिशेबात वागत नाही, तो उड्या मारतो. म्हणजे मागची चाकं खरोखरच जास्त फिरत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, तीही दोनदा.

उतरून मागे गेले. डावं चाक धुळीने माखलं होतं, पण बाकीच्यांपेक्षा लहान होतं.

"हे कुठलं?"

"जुन्या जीपचं," भाऊजी खाली बघून म्हणाले. "परवा पंक्चर झालं. नट बरोबर बसले."

"मग सांगायचं ना."

"तू ताईला सांगितलं असतंस. नवी स्टेपनी घे म्हणून किती दिवस मागे लागलीय."

मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. पण उपाय हातात होता. पुढच्या चाकांची हवा काढली की ती बसतात, घेर घटतो, फेरे वाढतात. थोडी हवा काढायची, थोडं चालवायचं, आकडे बघायचे. वाळूत हवा कमी करायचीच असते, हे सकाळी सांगितलं तेव्हा भाऊजींनी उडवून लावलं होतं. शेवटी आकडे जुळले.

चढ समोर होता. लो गिअर टाकला. पुढची चाकं धरू लागली! गाडी घसरली. सावरली. दिवा विझलेलाच! नाक आकाशाकडे गेलं, मग एकदम खाली, आणि उतारापलीकडे तळाचे तंबू दिसले.

सूर्य टेकायच्या आत पिंपं उतरली. सगळे प्यायले, तशी ताईने विचारलं, "एवढा उशीर?"

"सेन्सर," भाऊजी घाईने म्हणाले.

ताई गाडीला एक फेरी मारून आली. मी दिवसभर गाडीखाली लोळले होते. तिला ते चाक उभ्याउभ्या दिसलं. तिने पेला भरून त्यांच्या हातात दिला.

"आधी पाणी पी. मग बोलते."

भाऊजींनी तो पेला फार सावकाश संपवला.