भोपळ्याऐवजी अंबिका

नळ खाकरला. दोनदा कोरडाच, मग हवेचा लांब सुस्कारा... लातुरात आठ दिवसांनी पाणी येणार असलं की नळ आधी असा घसा साफ करतो. दोन दिवसांत आमच्या घरात बोललेलं ते पहिलंच कुणीतरी.

"पाणी आलं," हे म्हणाले.

"ऐकू येतंय."

"अन् मी बोललेलं?"

"तुम्ही बोलत न्हाई. तुम्ही लिहिता."

हंडा नळाखाली सरकवताना मी मुद्दाम आवाज केला. भांड्याच्या दुकानदाराची बायको; भांडी कशी आपटायची ते मला चांगलं येतं.

त्यांनी लिहिलं होतं ते नांदेडच्या दवाखान्याच्या फॉर्मवर. चार औषधं बदलून झाली तरी यांचे झटके थांबत नव्हते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, झटका मेंदूत नेमका कुठून सुटतो ते सापडलं, आणि ती जागा काढण्यासारखी असली, तर ऑपरेशन करता येईल. त्यासाठी आधी सगळा इतिहास हवा. फॉर्मवर प्रश्न होता, पहिला झटका कुणी पाहिला? यांनी सुंदर अक्षरात उत्तर दिलं होतं : अंबिका बिराजदार, कॉलेजची मैत्रीण.

मैत्रीण. सात वर्षांच्या संसारात हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

आमची भेट उमरीची. चुलतबहिणीच्या लग्नाचे दिवस. मी स्कूटीवरून हार आणायला निघाले होते, आणि स्टेशनच्या रस्त्यावर हातात आहेराचा कुकर घेऊन एक उंच माणूस उभा. मांडव कुठं, विचारत होता. मी म्हटलं, बसा मागं.

"गाडी येत न्हाई व्हय तुम्हाला?" मी आरशात बघून विचारलं होतं.

"येती. चालवत न्हाई... मला झटके येतात. आत्ताच सांगून ठेवतो, मी पडलो तर तुमच्यावर आळ नको."

मी गाडी थांबवली. आरशात त्यांचे डोळे — घाबरलेले, पण सरळ. कुकर त्यांनी पोटाशी लेकरासारखा धरला होता. मग मी गाडी पुन्हा सुरू केली, अगदी हळू... मांडव दोन मिनिटांवर होता, तो मी वीस मिनिटांनी आणला.

लग्नाला उभ्या पोरांची घरं असलं काही सांगत नाहीत; 'जरा चक्कर येते' म्हणून दडवतात. आणि हा माणूस रस्त्यावर भेटलेल्या पोरीला सांगून मोकळा. मी त्याच दिवशी हरले. आणि मनात धरून बसले, की हे सांगितलेली मी पहिली.

आता कळलं, पहिली दुसरीच होती.

आमच्या पाच वर्षांच्या अक्कूला सासूबाईंकडं ठेवून आम्ही नांदेडला आलो. दवाखान्यात यांच्या डोक्यावर पेस्ट लावून तारा चिकटवल्या, वरून पांढरी पट्टी गुंडाळली. समोर कॅमेरा. औषधं कमी केली, म्हणजे झटका इथं, तारांच्या समोर यावा. ज्याला हाकलायला मी सात वर्षं देवाला विनवलं, त्याचीच वाट बघत बसायचं.

"कसा दिसतोय?" हे म्हणाले.

"फेटा बांधलेल्या नवरदेवासारखे. मैत्रिणीला बोलवा बघायला."

"बोलावलंय," हे शांतपणे म्हणाले. "डॉक्टरांनीच फोन केला. ती नांदेडलाच शिकवते शाळेत."

ती जाडी निघावी असं मला फार वाटत होतं. निघाली. पण तिला ते शोभत होतं.

"संगम, काय रे हे," ती दारातूनच म्हणाली.

संगम. मी 'अहो'च्या पुढं कधी गेले नाही आणि ही बाई त्यांचं नाव निम्म्यात मोडून वापरते.

डॉक्टर मॅडमनी आधी मला विचारलं, "झटक्याच्या अगोदर काय होतं?"

"डोळे थांबतात."

"त्याच्या अगोदर?"

"त्याच्या अगोदर ते चांगले असतात."

अंबिकानं माझ्याकडं बघितलं, बोलू का अशा नजरेनं. मी मान हलवली. काय करणार?

"आधी याचा उजवा हात वाकडा होऊन ताठायचा," ती म्हणाली. "अन् डावा चिमटीत मीठ चोळल्यासारखा चालायचा. डोळे नंतर. मी लॅबमध्ये शेजारी असायची, म्हणून हात दिसायचे."

मॅडम भराभर लिहीत गेल्या. "हे फार कामाचं आहे," म्हणाल्या. सात वर्षं मी यांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नव्हती. हात बघायचे राहून गेले होते. ते तिनं बघितले होते.

जाताना ती माझ्यापुढं डबा ठेवून म्हणाली, "वहिनी, शेंगाची पोळी आहे. याला आवडायची."

"आता नाही आवडत," मी म्हणाले.

हे दोन पोळ्या खाऊन झोपले.

दवाखान्याचा तंत्रज्ञ वीरेश रोज सकाळी मला तेच घोकायला लावायचा. झटका सुरू झाला की बटण दाबायचं, अंगावरची चादर बाजूला ओढायची, कॅमेऱ्याच्या आड यायचं नाही. नाव विचारायचं. आणि एक शब्द सांगायचा. शुद्धीवर आल्यावर तो आठवतो का ते बघतात.

"शब्द कुठला ठरला?"

"भोपळा," मी म्हणायची. हे शेजारी पडून हसायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी संत्रं सोलत होते. हे अक्कूचं काहीतरी सांगत होते, आणि मध्येच वाक्य सुटलं. मी या वेळी हात बघितले. उजवा वाकडा, ताठ. डावा... मीठ चोळत होता. अगदी ती म्हणाली तसा.

बटण दाबलं. चादर ओढली. "तुमचं नाव काय?" उत्तर नाही. डोळे माझ्यावर होते पण त्यात मी नव्हते. आणि मग काय झालं मला कळत नाही... एवढ्या आत, जिथं मला कधीच जाता आलं नाही, तिथं ती असेल का, हे एकदा बघायचंच होतं.

"अंबिका," मी म्हणाले. "लक्षात ठेवा. अंबिका."

बोलून झाल्यावर हातातल्या संत्र्याचा मला वास आला आणि लाज वाटली.

वीस मिनिटांनी त्यांना शब्द फुटले. वीरेशनं विचारलं, "वहिनींनी काय लक्षात ठेवायला सांगितलं?"

हे कपाळाला आठ्या घालून विचार करत राहिले.

"भोपळा?" हे म्हणाले.

तो नुसता अंदाज होता, रोज सकाळी ऐकून ऐकून. मी तोंड फिरवून हसले, आणि हसताना डोळे भरले. सुटले असं वाटलं.

पण कॅमेऱ्याला कानही असतात, हे मी विसरले होते. दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून चित्रण लावलं. पडद्यावर माझी वेणी, यांचा हात, आणि खणखणीत माझाच आवाज — अंबिका. लक्षात ठेवा.

वीरेश जमिनीकडं बघू लागला. मॅडमनी चष्मा पुसला. "हरकत नाही, कुठलाही शब्द चालतो," एवढंच म्हणाल्या, आणि मुद्द्यावर आल्या. जागा सापडली होती. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला. काढता येईल. झटके थांबायची आशा चांगली आहे, पण ती जागा शब्दांच्या शेजारची. ऑपरेशननंतर नावं पटकन आठवणार नाहीत. काहींना काही महिने, काहींना कायमचं. विचार करून कळवा.

खोलीत आल्यावर मी पिशवी भरायला लागले. तीच ती ओढणी चार वेळा घडी केली.

"मंजू."

"हं."

"मी बेशुद्ध असताना तिला माझ्या डोक्यात घालून राहिलीस व्हय?"

"मी कशाला घालू? आधीच होती का ते बघितलं."

"मग? दिसली?"

"...भोपळा दिसला."

हे हसले. पट्टीखालून पेस्टचा एक थेंब कानावर सुकला होता. तो मी पुसायला गेले, तर त्यांनी मनगट धरलं.

"तिच्या घरच्यांना कळल्यावर त्यांनी तिचं येणं बंद केलं. तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण एक ऐक. तिला मी काही सांगितलं नव्हतं. लॅबमध्ये पडलो, तिनं बघितलं. दडवायला वेळच मिळाला न्हाई. तुझ्या गाडीवर मी शुद्धीत होतो, मंजू. गप्प बसलो असतो तर मांडव येईपर्यंत तुला काही कळलं नसतं." त्यांचा अंगठा माझ्या बांगडीवर थांबला. "शुद्धीत राहून सांगितलं ते तुला एकटीलाच."

सात वर्षांनी मला पुन्हा तो आरसा दिसला. बोलता येईना. म्हणून भांडले.

"अन् ऑपरेशननंतर माझंच नाव गेलं तर?"

"तर 'अहो' म्हणीन. तू मला काय म्हणतीस? चाललंच की सात वर्षं."

"तिचं राहिलं अन् माझं गेलं तर?"

"तर तूच शिकव. तुझा आवाज लई खणखणीत हाय, सगळ्या दवाखान्यानं ऐकला."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. कॅमेरा चालू होता का बंद, कुणाला ठाऊक.

होकार आम्ही तिथूनच कळवला. मॅडम घरी गेल्या होत्या; फोन यांनी लावला, हात माझा धरून.

लातूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अक्कू अंगणात पाटीवर काही काढत बसली होती. ती धावत आली नाही. यांनी तिला उचलायला हात पुढं केले, तशी मी सवयीनं "सांभाळून हो" म्हणत त्यांच्या मागं उभी राहिले... हात बघत.

ते पाय धुवायला आत गेले. मी तिच्याजवळ बसले.

"रुसलीस होय गं?"

"बाबांच्या डोक्यातलं काढणार?"

"हो. मग बाबा पडणार नाहीत."

तिनं पाटीवरची रेघ बोटानं पुसली. आत बादली सरकल्याचा आवाज झाला, आणि माझी मान आपोआप दाराकडं वळली. ती मला बघत होती.

"मग तू माझ्याकडं बघशील?"

"बघीन की बाळा."

"आणि तवर?"