एकेचाळीस विहिरी

दोन हजार सोळाच्या एप्रिलात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि मी उदगीरच्या एका खाजगी संस्थेत कोरड्या विहिरींच्या फोटोंना नंबर देत होते. उदगीरचा वेगळा जिल्हा होणार अशी हवा होती, त्यामुळे साहेबांना जगातल्या प्रत्येक गोष्टीची यादी हवी असायची. देवणीकडच्या गावांत मकसूदभाई मोटारसायकलवर फिरून फोटो काढायचे. पद्धत ठरलेली होती. विहिरीच्या काठावर घरचं कुणीतरी उभं राहायचं, हातात घरातलीच पाटी, आणि पाटीवर खडूनं सातबाऱ्यावरचं नाव.

कॅमेऱ्यानं दिलेली फोटोंची नावं लांबलचक, ना शेंडा ना बुडखा. एकेक बदलत बसायला मला दुसरे उद्योग नव्हते का? म्हणून मी अकरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती फोटो वेळेप्रमाणे लावायची आणि नव्या फोल्डरमध्ये ००१, ००२ असे ओळीनं नंबर टाकायची. जेवढे आत, तेवढे बाहेर. त्यात चुकायला जागाच नव्हती.

पहिल्या गावचे सदतीस फोटो आत गेले आणि अडतीस बाहेर आले.

अकरा नंबरला तारामतीबाई पाटी धरून उभ्या होत्या. पाटीवर नवऱ्याचं नाव, भुजंग. बारा नंबरला तीच विहीर, तीच पाटी, तेच मिनिट. पाटी मात्र एका पुरुषानं धरलेली. ऊन समोरून येत होतं, तरी त्याचे डोळे सताड उघडे होते.

मी मकसूदभाईंना फोन लावला. "एका विहिरीचे दोन फोटो काढले का?"

"न्हाई ओ ताई. एका विहिरीला एकच." मग म्हणाले, "भुजंगला जाऊन तीन साल झाले की. वारस लावला न्हाई, म्हणून सातबाऱ्यावर नाव तसंच हाय."

मी तो फोटो काढून टाकला, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. पुन्हा अडतीस. माझंच काहीतरी चुकतंय म्हणून अकरा ओळी अकरा वेळा वाचल्या.

दुसऱ्या गावचे बावन्न गेले, चोपन्न आले. जास्तीच्या दोन्ही फोटोंत पाटी पुरुषांच्या हातात. पाट्यांवरची नावं मी मकसूदभाईंना वाचून दाखवली.

"दोघं बी गेलेले हाईत," ते म्हणाले. "ताई, मला ते फोटो दाखवू नका."

तिसरं गाव आमचं होतं.

आमचं शेत माझ्या भावाच्या, विरूपाक्षअण्णाच्या नावावर. दिवाळीनंतर तो हैदराबादला बांधकामावर गेला आणि संक्रांतीपासून त्याचा फोन बंद होता. आई, म्हणजे आमची अव्वा, रोज दोनदा लावून बघायची. आमच्या विहिरीच्या फोटोत पाटी तिनंच धरली होती.

ते फोल्डर मी दोन दिवस उघडलं नाही. मी काही देवभोळी नाही. सोमवारी देवळात जाते ती प्रसादासाठी. पण बोट एंटरवर जाईना. मला भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "शिवकांता, आज यादी गेली नाही तर उद्यापासून येऊ नका."

दुपारी एक वाजता मी एंटर दाबलं.

एकेचाळीस आत.

एकेचाळीस बाहेर.

मी एकेक उघडून पाहिला. तेवीस नंबरला अव्वा, पाटीवर विरूपाक्ष. चोवीसला शेजारच्या गुरुपादप्पांची विहीर, पाटी धरून ते स्वतः. मधे कुणी नाही. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. कोण बघतंय याची मला पर्वा नव्हती.

मग अव्वाला फोन लावला. "अव्वा, अण्णा सुखरूप हाय बघ."

"हाव की," ती हसली. "आत्ताच आला. तुला कुणी सांगितलं?"

मी आनंदानं उठून उभी राहिले. "त्याच्याकडं दे."

"घरात यायलाच तयार न्हाई. विहिरीपाशी उभा हाय. एवढ्या उन्हातून आला, पर पाणी बी न्हाई मागितलं, डोळं बी मिटंना."

"मग?"

"पाटी मागायलाय."

"अव्वा, देऊ नको."

"दिली की," अव्वा म्हणाली. "त्याचंच नाव हाय तिच्यावर."