दोन बोटं लांब

दातांच्या दवाखान्यात दात न दुखणारी माणसं सहसा येत नाहीत. त्या रविवारी दुपारी चार वाजता एकाच वेळी दोन आली.

आधी ती आली. खिडकीतल्या मावशींनी तिच्या हातात प्लॅस्टिकचा लाल बिल्ला ठेवला. त्यावर आकडा होता एक.

"मी पेशंट नाही," ती म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," मावशी म्हणाल्या. "बसा."

पाठोपाठ तो आला. त्याला दोन नंबरचा बिल्ला मिळाला. भिंतीवर माणसाएवढ्या दाढेचं चित्र होतं, त्याच्या बरोबर खाली तो बसला. त्यामुळे तो काहीही बोलला तरी ती दाढच बोलतेय असं वाटत होतं.

"कोणता?" दाढेने विचारलं.

"कोणता काय?"

"दात."

"दात नाही. मी वेगळ्या कामाला आलेय. तुमचं काय? अक्कलदाढ?"

"अजून आलेली नाही. आई म्हणते, फारशी आशा धरू नकोस."

ती हसली. मग तिला आठवलं की शेवटचं सादरीकरण होईपर्यंत हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. तिने तोंड मिटलं. पण डोळे... डोळ्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात आतून तोंडाला मास्क लावलेले डॉक्टर डोकावले. "ग्राफिक्स कार्डवाले कोण?"

दोघंही उभे राहिले.

झालं होतं असं, की डॉक्टरांना खेळांचा नाद होता आणि नुकतंच त्यांच्याकडे जुळं झालं होतं. दोन्ही गोष्टी एका घरात मावेनात, म्हणून त्यांनी संगणकातलं कार्ड विकायला काढलं. दोन पंख्यांचं, विटेसारखं जड. पडद्यावरची अवघड चित्रं भराभर काढायचं काम ते करतं. जागरणाच्या झोकात डॉक्टरांनी दोन माणसांना एकच वेळ दिली होती.

त्यांनी दोघांची तपासणी सुरू केली.

"घरात मांजर आहे?"

"नाही."

"चहाचा कप कुठे ठेवता?"

"लांब," ती म्हणाली. "पितच नाही," तो म्हणाला. दोघंही धडधडीत खोटं बोलत होते.

"कशासाठी हवंय?"

ती वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने जनावरांच्या दवाखान्याची इमारत योजली होती आणि त्या इमारतीतून फिरवून आणणारी चित्रफीत परीक्षकांना दाखवायची होती. तिचा संगणक म्हणजे गोधडी. प्रोसेसर मामाच्या बंद पडलेल्या दुकानातला, डबा शेजाऱ्यांचा, मेमरी दोन वाढदिवसांची. कार्ड तेवढं नव्हतं. कार्डाशिवाय ती चित्रफीत तयार व्हायला अकरा तास लागत आणि दहाव्या तासाला संगणक मान टाके.

"आणि तुम्हाला?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"मी इतिहासाला आहे."

"इतिहासाला हे कशाला लागतं?"

"घरी 'अभ्यासाला' असं सांगितलंय. खरं म्हणजे खेळायला. लढायांचे खेळ."

हा प्रामाणिकपणा तिला आवडला. पुढे काय होणार आहे हे तेव्हा तिला माहीत नव्हतं.

दोघांकडेही निम्म्याहून जरा जास्त पैसे होते, आणि पूर्ण किंमत कोणाकडेच नव्हती. डॉक्टर थोडा वेळ काढू की ठेवू अशा चेहऱ्याने दोघांकडे बघत राहिले. मग त्यांनी औषधं लिहायचा कागद ओढला आणि लिहिलं – एक आठवडा नंबर एककडे, एक आठवडा नंबर दोनकडे. अदलाबदल रविवारी चार वाजता. दर सहा महिन्यांनी साफ करून घेणे. दोघांचे पत्ते, सही, शिक्का. कागदाच्या तळाशी आधीपासूनच छापलेलं होतं – गोड पदार्थ शक्यतो टाळावेत.

"हेपण करारात धरायचं का?" त्याने विचारलं.

"शिक्का त्याच्यावरच पडलाय," ती म्हणाली. "धरावंच लागेल."

"म्हणजे पुढच्या रविवारी फक्त चहा."

"चहा पीत नाही म्हणालात ना?"

"ते डॉक्टरांना सांगायला."

डॉक्टरांनी कार्ड पेशंटच्या गळ्यात बांधायच्या निळ्या कागदी रुमालात गुंडाळून दिलं. पहिला आठवडा तिचा.

पत्र्याच्या छपराखालचा बसथांबा दोघांच्या घरांपासून सारख्या अंतरावर होता. तिथल्या बाकावर दर रविवारी अदलाबदल होऊ लागली. ती कार्ड बुटांच्या खोक्यात घालून आणी. पहिल्या वेळी तिने ते भाच्याच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं होतं, तर तो किंचाळलाच.

"लोकर? अगं, लोकरीने वीज साचते! एका ठिणगीत खलास होईल!"

"अगं?"

"घाईत निघालं. अहो."

"राहू दे आता. निघालं ते निघालं."

बाकावर बसायचं, मध्ये खोकं ठेवायचं आणि घटस्फोटित आईबापांसारखी चौकशी करायची. तापलं का? आवाज करत होतं का? लग्न न होताच हे सगळं वाट्याला आलं होतं. तो तिला 'एक नंबर' म्हणे आणि म्हणताना त्याचे कान लाल होत. ती त्याला 'दोन नंबर' म्हणे, आणि थांब्यावरची माणसं त्याच्याकडे संशयाने बघत.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. कार्ड त्याच्याकडे जाई त्यापेक्षा स्वच्छ होऊन परत येई. पंख्यांच्या पात्यांवर धुळीचा कण नसे. किती निगुतीने वापरतो, असं तिला वाटे.

"कसा चाललाय खेळ?" ती विचारी.

"जोरात."

"कुठे पोचलास?"

मग तो सांगायला लागे. शहराला वेढा पडलाय, आतलं धान्य संपलंय, शेवटची पोतंभर भाकर उरलीय आणि तीच लोक तटावरून शत्रूच्या अंगावर फेकतायत – आमच्याकडे रग्गड आहे, असं दाखवायला. "मग?" ती विचारी. "मग शत्रू वेढा उठवून गेला." दुसऱ्या वेळी, पुरात पूल वाहून गेलाय आणि सेनापतीला पोहता येत नाही. तो सांगताना हात हलवी, आणि ते हात तिला त्या सेनापतीपेक्षा जास्त लक्षात राहत. तिची बस येई आणि जाई. दुसरी येई. तिसऱ्या बसच्या कंडक्टरने तर एकदा विचारलं, "ताई, बस आवडत नाही का?"

बाराव्या रविवारी तो हत्तींपर्यंत पोचला होता. हत्ती बिथरलेत, मागे वळलेत आणि आपल्याच सैन्याच्या दिशेने –

"– बाकीचं पुढच्या रविवारी," तो खोकं उचलत म्हणाला. त्याचा आठवडा होता.

"दुष्ट आहेस."

"हत्तींना सांग."

तिचं काम पुरं झालं होतं. सादरीकरण गुरुवारी सकाळी. पण सोमवारी सरांनी नकाशावर बोट ठेवलं. "हा उतार फार तीव्र आहे. गाय घसरेल." त्यांचं बरोबर होतं. मंगळवारी तिने उतार बदलला, आणि तासाभरात गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज गुरुवारी संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. कॉलेजातल्या संगणकांपुढे एवढी रांग होती की काही जण डबा घेऊन आले होते. चित्रफीत नाही तर सादरीकरण नाही, आणि सादरीकरण नाही तर अख्खं वर्ष परत.

तिने त्याला फोन केला. "आठवडा तुझा आहे, मान्य. पण उद्या सकाळी तुझ्याकडे येऊ का? कार्ड काढायचीही गरज नाही. पेनड्राइव्ह आणते, तुझ्याच संगणकावर चालवते."

पलीकडे तो खाकरला.

"आमच्याकडे रंगकाम चाललंय."

"मी भिंतीला टेकणार नाही."

"ताईला कांजिण्या आल्यायत."

"मला येऊन गेल्यात."

"आणि... आमच्याकडे मांजर आहे."

"दोन नंबर, माझं वर्ष जाईल."

"मी कार्ड आणून देतो ना. आत्ता आणतो."

"आणि ते कशात बसवू, बुटांच्या खोक्यात? आमच्याकडे वीज नाहीये!"

करारावर पत्ता होताच. बुधवारी सकाळी नऊला ती त्याच्या दारात उभी होती.

दार ताईने उघडलं. ताई शिवणकाम करायची. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. चेहऱ्यावर कांजिण्या नव्हत्या आणि भिंतींना रंगही नव्हता. मांजरही नव्हतं.

"तूच का ती एक नंबर?" ताई टाचण्यांमधून म्हणाली. "ये. तो आंघोळीला गेलाय."

"संगणक कुठे आहे?"

"तो कोपऱ्यात."

संगणक बाबांच्या जुन्या कचेरीतला होता. बुटका, निमूट, कपबशीच्या खोक्याएवढा. तिने मागे वाकून बघितलं. कार्डाची जागा रिकामी होती.

"आणि कार्ड?"

"ते होय? ते वर." ताईने कपाटावर बोट दाखवलं. तिथे कापडाच्या ढिगावर, फ्रॉकच्या उरलेल्या फुलाफुलांच्या तुकड्यात, कार्ड झोपलं होतं. शेजारी डॉक्टरांनी दिलेला निळा कागदी रुमाल आणि रंगाचा मऊ ब्रश. "तिथेच असतं. शनिवारी पाती पुसतो आणि रविवारी फिरायला नेतो. आम्ही विचारणं सोडून दिलंय."

तो टॉवेलने डोकं पुसत बाहेर आला आणि जिथे होता तिथेच थिजला. ओल्या केसांतून पाणी ठिबकत राहिलं.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"बसत नाही," तो म्हणाला.

"काय बसत नाही?"

"कार्ड. डब्यात. दोन बोटं लांब आहे."

"कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी. घरी आल्यावर."

तिने बोटांवर मोजलं. "सहा खेपा. तुझ्या आठवड्यात मी नुसते राखाडी ठोकळे बघत बसायचे! वेळ पुरेना म्हणून अंगणातलं झाड काढून टाकलं मी. आणि हे इथे फ्रॉक घालून झोपा काढतंय? सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग मलाच दे."

"म्हणालेच असते!"

"मग रविवार गेला असता." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "चुकलं माझं. झाडाचं मला माहीत नव्हतं. रविवारचं तेवढं... माहीत होतं."

ताईने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, म्हणजे ऐकायला सोपं जाईल.

"आणि तो खेळ?" तिचा आवाज चढला. "वेढा? पूल?"

"अभ्यासक्रम. चौथं प्रकरण."

"हत्ती?"

"पाचवं. दर रविवारी नवीन लागायचं म्हणून वाचत गेलो... सहामाहीत वर्गात पहिला आलो."

ती त्याच्यावर ओरडणार होती. तोंड उघडलंही होतं. पण घड्याळात सव्वानऊ झाले होते आणि वर्ष जाणार होतं.

"भांडण नंतर," ती म्हणाली. "डबा कापायचा. तीन महिन्यांत तुला हे सुचलं नाही?"

"वेळ कुठे होता? लढाया वाचत होतो."

"बरोबर आहे तिचं," ताई म्हणाली. "माणसाचं पोट सुटलं की आपण माणूस कापतो का? कंबर सोडतो."

डब्यातले सगळे भाग काढून ताईच्या कापायच्या टेबलावर मांडले. पुढच्या बाजूला एक लोखंडी पिंजरा होता, पूर्वीच्या मोठ्या डिस्क ठेवायचा. आता त्यात काहीच नव्हतं आणि तोच आडवा येत होता. तिने पट्टीने माप घेऊन पेन्सिलीने रेघ मारली. त्याने करवत चालवली. ताईने डबा धरला आणि तिच्या दोन गिऱ्हाइकांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं. शेवटच्या घावाला पत्रा निसटला आणि त्याचं बोट कापलं. तिने कार्डाचा निळा कागदी रुमाल फाडून त्याच्या बोटाला बांधला. गाठ मारायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागला.

"अजून रागावलीयेस?"

"हो. हलू नकोस."

लोखंडाचा कीस झटकून सगळं परत जोडलं. कार्ड खाचेत गेलं आणि खटका टक्कन बसला. बटण दाबलं. दोन्ही पंखे फिरले. या घरात पहिल्यांदाच.

तीन तास लागणार होते. तिने साडेतीन लावले, कारण अंगणात झाड परत ठेवलं. ते सगळे तास दोघं जमिनीवर बसून पडद्यावर सरकणारी पट्टी बघत होते. पंच्याऐंशी टक्क्यांना तिने हळूच विचारलं, "त्या सेनापतीला शेवटपर्यंत पोहता आलं नाही?"

"नाही. आयुष्यभर पूल बांधत बसला."

गुरुवारी परीक्षकांनी उताराबद्दल काहीच विचारलं नाही. एक बाई म्हणाल्या, "ते झाड छान जागी आहे. वाट बघणाऱ्यांना सावली." ती पास झाली.

रविवारी चारला तो बाकावर आधीच येऊन बसला होता. आठवडा आता तिचा होता. कार्ड फ्रॉकच्या तुकड्यात, तुकडा खोक्यात, खोकं मांडीवर. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

"हे घे," तो म्हणाला. "कायमचं. माझा निम्मा भागही तुझा. झाडाची भरपाई समज. कराराचा कागदही आणलाय, फाडून टाकू."

तिने खोकं घेतलं, उघडलं, कार्ड खालून वरून बघितलं आणि झाकण लावलं.

"नको."

"का?"

"बसत नाही."

"काय बसत नाही?"

"माझ्या डब्यात. दोन बोटं लांब आहे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "अगं, तुझ्या डब्यात तीन महिने बसत होतं!"

"आता नाही बसत."

"असं कसं? लोखंड आकसतं का?"

"आमच्याकडे आकसतं," ती समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाली. "त्यामुळे ते तुझ्याकडेच ठेवावं लागणार. आणि माझा आठवडा आला की मला तुमच्याकडे यावं लागणार. रोज. इलाज नाही."

"आणि माझ्या आठवड्यात?"

"तुझ्या आठवड्यात तू खेळशील. खरंखुरं. ते नीट खेळतोयस ना, हे बघायला कोणीतरी लागेलच."

त्याचे कान लाल झाले. त्याने कराराच्या कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवला. मग दुसऱ्या खिशातून एक चॉकलेट काढलं, मोडलं आणि अर्धं तिच्यापुढे धरलं.

"करारात टाळा म्हटलंय," ती म्हणाली.

"शक्यतो म्हटलंय."

बस आली. कंडक्टरने दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता घंटी मारली. बस गेली. तिने मधलं खोकं उचलून पलीकडच्या बाजूला ठेवलं आणि त्याच्या बाजूला सरकून बसली. आता दोघांमध्ये उरलेलं अंतर ती न मोजताही सांगू शकली असती.

"हं," ती म्हणाली. "हत्ती मागे वळले. मग?"

तो सांगायला लागला. हत्ती आपल्या सैन्यापर्यंत पोचायच्या आत तेवढंही अंतर उरलं नव्हतं.