मांडवातली एक जागा

रविवारची दुपार. सातपूरच्या कंपन्यांचा दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजून गेला होता, नवरा हर्षल डबा घेऊन कामावर निघून गेला होता आणि रोहिणी पगारे लग्नाचे फोटो लावायला बसली होती. बाहेरची खोली म्हणजे तिचा स्टुडिओ. आतल्या खोलीत तिची आठ वर्षांची लेक संजना पलंगावर पालथी पडून चित्र रंगवत होती. रंगवताना गुणगुणायची सवय पोरीला. त्या गुणगुणण्याच्या कडेकडेनं आईचं काम चालायचं.

काम म्हणजे तसं तांदूळ निवडण्यासारखंच. कॅमेरा फोटोंना नावं देत नाही, नुसते आकडे चिकटवतो. अकराशे चाळीस आकडे. त्यातले मिटलेले डोळे नि हललेले हात बाजूला काढायचे, हळदीचे हळदीत, पंगतीचे पंगतीत लावायचे आणि मग एकेकाला नाव द्यायचं. चेहरे ओळखणारं एक सॉफ्टवेअर तिनं घेतलं होतं. ते चेहऱ्याभोवती पिवळा चौकोन आखायचं आणि विचारायचं, 'हे कोण?' एकदा नाव सांगितलं की पुढच्या फोटोंत तो चेहरा आपलं आपण शोधायचं. नवी लेन्स असो की नवं सॉफ्टवेअर, तपासून बघताना रोहिणी पहिलं नाव टाकायची ते लेकीचं. डोक्याला न विचारता बोटंच टाकायची म्हणा ना.

लग्न पेठच्या पुढच्या एका पाड्यावरचं. नवरदेव लखन. त्याच्या आईची, वत्सलाबाईंची एकच अट होती, की अल्बमात प्रत्येक माणसाखाली त्याचं नाव पाहिजे. म्हणून लखनची भावजय मीना फोनवर होती. रोहिणीनं पाठवलेले फोटो बघून डावीकडून एकेक नाव सांगत होती.

"हा पुंजामामा. त्याच्याजवळ सुलाआत्या. मग सासूबाई. त्यांचे दात दिसतात का हो, ताई?"

"दिसतायत की. छान हसल्यात."

"आता बया! घरात तर कधी नाय हसत. मोठ्ठा करून भिंतीवर लावा."

रोहिणीला हसू आलं. हसत हसत ती पुढच्या चौकोनावर आली. तो वत्सलाबाईंच्या शेजारी होता, पण खाली, त्यांच्या कमरेच्या उंचीवर. आत कुणी नव्हतं. मागची आंब्याची डहाळी, लाल माती, आणि दोन माणसांमधली फट.

तिला तो दिवस आठवला. "जवळ सरका, मध्ये फट पडतेय," असं तिनं दोनदा सांगितलं होतं. कुणी हललं नाही. "राहू दे बाई, ती जागा हाय," वत्सलाबाई म्हणाल्या होत्या. कुणी उशिरा येणार असेल, असं समजून तिनं बटण दाबलं होतं.

"मीना, सासूबाईंच्या बाजूला कोण?"

फोनमध्ये कोंबडी कलकलली. मग मीनाचा आवाज खाली आला.

"माझी पोरगी, ताई. बारशाआधीच गेली. आता आठ वर्षांची असती. आमच्या घरात जागा सोडतात तिची. पंगतीत, फोटोत, सगळीकडं. पण नाव नाय द्यायचं."

"का गं?"

"नाव नाय तवर ती हाय तिथं हाय. मी मनात एक ठेवलं होतं, पण सासूबाईंनी तोंडातून काढू दिलं नाय. तुम्ही पण काय लिहू नका. आल्या सासूबाई, ठेवते."

लग्नघरी हळद दळताना बाया गात होत्या ते आता रोहिणीच्या कानात फिरून वाजलं.

*नाव घेतलं ज्याचं गं, त्यानं यावं पंगतीला,*
*रिता पाट राहू द्या गं, हाक नका मारू तिला.*

सावलीचा घोळ असणार, तिनं मनाशी म्हटलं. चौकोन पुसला. पुढच्या फोटोत तो होता. त्याच्या पुढच्यातही. मोजले तर एक्केचाळीस फोटो. तिनं एकेक मोठा करून पाहिला. पानं, माती, बांबूचा खांब. फक्त वत्सलाबाईंच्या पदराचं टोक प्रत्येक फोटोत खाली ताणलेलं होतं, कुणी मुठीत धरावं तसं.

सकाळी अल्बम छपाईला जायचा होता. आणि एकही चौकोन बिननावाचा असला, तर सॉफ्टवेअर पुढं सरकायला तयार नव्हतं. तात्पुरतं काहीतरी टाकू, छापताना काढू, म्हणून तिनं बोटं चालवली. चालवली आणि मग पडद्याकडे पाहिलं.

'संजना : ४१ फोटो.'

ती नाव पुसायला गेली, तोवर आकडा हलला.

४२.

बेचाळिसावा फोटो लग्नातला नव्हता. त्याच संगणकात ठेवलेला घरचा होता, सोमेश्वरच्या धबधब्यावरचा, गेल्या महिन्यातला. हर्षल आणि ती उभे होते. दोघांच्या मध्ये पिवळा चौकोन, आणि चौकोनात नुसतं पाणी. रोहिणीचा उजवा हात हवेत टेकलेला होता, लेकराच्या खांद्याच्या उंचीवर.

त्या दिवशी त्या खांद्यावर लाल फ्रॉक होता. लेकीची कुल्फी ओघळून रोहिणीच्या मनगटावर आली होती. तो चिकटपणा तिला आत्ताही आठवत होता.

४३. ४४. वाढदिवस. केकवर आठ मेणबत्त्या. केकसमोर कुणी नाही. आठही ज्योती मात्र एकाच बाजूला झुकलेल्या, फुंकर बसल्यासारख्या.

४५. ४६. ४७.

"संजू?"

आतलं गुणगुणणं चालू होतं. पण लांबून, शेताच्या पल्याडून यावं तसं.

"ओ."

"इकडे ये बरं, बाळा. आत्ताच्या आत्ता."

गुणगुणणं थांबलं.

"कोणती आई बोलावतेय?"

तीन पावलांचं अंतर. रोहिणीनं ते कसं कापलं, तिलाच कळलं नाही. पलंगावर वही उघडी होती. रंगखडू घरंगळत कडेला आला आणि खाली पडला. उशीवर कोपराचा खळगा होता. तिच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरून वर आला.

पलंगाखाली कुणी नाही. बाहेरच्या दाराची कडी आतून लावलेली.

बाहेरच्या खोलीत फोन वाजत होता.

"ताई," मीना म्हणाली. ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. मागं बायांचा गलबला होता. "ताई, आली हो. अंगणात येऊन उभी राहिली. सासूबाईंनी मिठी मारली तिला. नाव सांगते, मी मनात ठेवलेलं तेच."

रोहिणीचा हात माउसकडे गेला होता, त्या नावाकडे.

"नाव पुसू नका, ताई." मीनाचा आवाज एकदम बारीक झाला. "पाया पडते. पुसलं तर ती मग कुणाकडंच राहायची नाय. तुमच्याकडं पण नाय."

रोहिणीचं बोट तिथंच थांबलं. पडद्यावर आकडा चढतच होता.

मग मीनानं विचारलं, अगदी हळू, एका आईनं दुसऱ्या आईला विचारावं तसं.

"ताई, संजना काय खात नाय. तुम्ही तिला कशाशी भात भरवत होता?"