शिंगं पुसणारं ॲप

फोटो दुरुस्त करायला मोबाइलवर कुठलं ॲप चांगलं, असं परवा शेजारच्या मास्तरांनी मला विचारलं. मी म्हटलं, मास्तर, खुर्ची घ्या, दिवा जवळ ओढा आणि तुमच्या मांजराला आत घ्या. म्हणजे नंतर दारापाशी काही वाजलं तर ते मांजर नव्हतं एवढं तरी तुम्हाला कळेल. मास्तर बसले. तुम्हीही बसा.

मी रंगारी. सातवीत दोनदा बसलो, दोन्ही वेळा शाळेलाच माझा कंटाळा आला. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या आणि फावल्या वेळात लोकांची फजिती केली. त्यातलं माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे आमची ही.

ही शिवण शिकवायची. उजव्या हाताच्या मधल्या बोटात कायम अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालतात ती लोखंडी टोपी. मी काही आगाऊपणा केला की त्याच टोपीने माझ्या टकलावर ‘टक’. आणि माझा ठरलेला आगाऊपणा म्हणजे फोटो. कुणी कॅमेरा रोखला की मी हिच्या डोक्यामागे दोन बोटांची शिंगं धरणारच. लग्नाच्या फोटोत शिंगं. लेकीच्या निकालाच्या दिवशी शिंगं. दवाखान्यातल्या शेवटच्या फोटोत एका बाजूला सलाइनची नळी, मध्ये ही, आणि वर शिंगं.

“अहो, मी गेल्यावर तरी माझा एक धड फोटो लावाल ना?” ती विचारायची.

“लावीन की.”

“शपथ?”

“शपथ!” आणि हे म्हणतानाही माझी बोटं तिच्या डोक्यामागेच असायची.

ती गेली त्याला सहा महिने झाले होते. शिवणवर्गातल्या बायकांना तिचा फोटो वर्गात लावायचा होता, आणि फ्रेमवाल्याने संध्याकाळी सहाच्या आत पाठवा म्हणून बजावलं होतं. त्यासाठी आमची लेक आली होती. तिला मी फौजदार म्हणतो, कारण ती घरात शिरली की मी आपोआप खिसे रिकामे करतो. तिने सगळे फोटो धुंडाळले. बिनशिंगाचा एकही नाही.

“बाबा, आई गेली तरी तुमची थट्टा काही संपत नाही,” ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली.

मग मी पहिल्यांदाच शहाण्यासारखा बसलो. म्हटलं, पुसू या. शपथ घेतलीय.

दुपारचे चार वाजले असतील, पण बाहेर आभाळ असं भरलं होतं की हिच्या शिवणाच्या खोलीत भांड्याच्या तळासारखा अंधार साचला होता. पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून दिवा लावला नाही. कोपऱ्यात झाकलेलं मशीन. खोलीला अजून मशीनच्या तेलाचा आणि गरम इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास यायचा. मी भिंतीला टेकलेल्या खुर्चीत बसलो, फौजदार समोर स्टुलावर. फोटो निवडला तो गॅलरीच्या कठड्यापाशी ही तोंड भरून हसतेय तो.

पहिल्या ॲपने शिंगं राहू दिली आणि हिला गोरी केली. हनुवटी टोकदार, डोळे बशीएवढे.

“ही कोण?” मी विचारलं. “हिची ओळख करून दे.”

“बाबा, गप्प बसा.” पण तिच्या ओठाचा कोपरा हलला. ते ॲप उडवलं.

दुसऱ्या ॲपमध्ये नुसतं बोट फिरवायचं होतं. तिने शिंगांवरून बोट फिरवलं, शिंगं गेली. काम मात्र सफाईदार! मागच्या भिंतीचा रंगसुद्धा जुळला, जो मला स्वतःला कधी जुळला नव्हता.

“बाबा...” फौजदार म्हणाली. “आई हसत होती ना?”

मी चष्मा लावून पाहिलं. हिचं तोंड मिटलेलं होतं. रागावलेली नव्हती. घरात कुणी नसताना माणसाचा चेहरा असतो, तसा.

“ॲपचीच गडबड,” ती म्हणाली. “तोंडाला माझा हात लागला असेल.”

तिसरं ॲप उघडलं. मूळ फोटो घेतला, त्यात ही पुन्हा खळखळून हसत होती. शिंगं पुसली. तोंड मिटलं. आणि या वेळी डोळे बाजूला वळले होते, जिथे त्या दिवशी मी उभा होतो तिकडे. कुणीतरी होतं आणि आता नाही, असं शोधणारे डोळे.

पंखा थांबला. वीज गेली असेल, मी पाहायला उठलो नाही. इस्त्रीखालच्या कापडाचा वास दाट झाला, जणू आत्ताच कुणी वाफेवर घडी मोडतंय. कोपऱ्यात मशीनचं पायडल एकदा कुरकुरलं... आणि राहिलं.

“उंदीर,” मी म्हटलं.

“हं,” फौजदार म्हणाली आणि स्टूल माझ्या गुडघ्याला भिडवून बसली. पंचेचाळीस वर्षांची फौजदार!

“चौथं आहे अजून... बघायचं?”

“बघ.”

चौथ्यात शिंगं गेली आणि ही सरळ आमच्याकडे बघायला लागली. माझ्याकडे. ती नजर मला पाठ होती. दवाखान्यात रात्री मी खुर्चीत पेंगायला लागलो की ‘अहो, आहात ना?’ म्हणण्याआधी ती अशीच बघायची.

आम्ही रंगारी लोक एक गोष्ट जाणतो. ओलीचा डाग वरून रंगाचे कितीही हात मारून झाकला तरी आतली भिंत ओलीच राहते. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. इतकी वर्षं मला वाटायचं, मी चोरून शिंगं धरतो आणि हिला पत्ता नसतो. अहो, ती हसायचीच त्या बोटांना!

“परत आण,” मी म्हटलं. “माझी बोटं परत आण.”

“पण शपथ...”

“शपथेचं मी बघतो. आण आधी.”

तिने मागचा बाण दाबला. शिंगं आली. आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत ते तोंड हळूहळू उघडलं, दात दिसले, गाल वर गेले. पंखा फिरायला लागला. मी मोठ्याने हसलो. सहा महिन्यांत पहिल्यांदा. लेकही हसली, डोळे पुसत पुसत. फोटो शिंगांसकट फ्रेमवाल्याला पाठवला.

“थांबा, तुमचाही एक काढते,” ती म्हणाली. “असे हसताय तोवर.”

मी तसाच खुर्चीत बसून राहिलो, डोकं भिंतीला टेकवून. मागे ब्रशसुद्धा जाणार नाही एवढी फट. तिने फोटो काढला, पडद्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“बाबा... मागे वळू नका.”

फोन तिने माझ्या हातात दिला. माझ्या टकलामागून दोन बोटं वर आली होती. बारीक, सुयांनी टोचलेली. मधल्या बोटात अंगुस्तान.

आता म्हणाल, अंगुस्तान तर मशीनच्या खणात असेल. नाही हो. शेवटच्या दिवशी नर्सने विचारलं होतं, हे काढू का? मी म्हटलं, राहू द्या, तिथेही कुणीतरी आगाऊ भेटेल. ते तिच्याबरोबरच गेलं.

वर्गात फोटो लागलाय. बायका सांगतात, टाका चुकला की त्याच्याकडे बघून हसू येतं. मी आता खुर्ची भिंतीपासून वीतभर पुढे ओढून बसतो. तिला अडचण नको.

तर मास्तर, ॲपचं म्हणाल तर कुठलंही घ्या. माझ्या त्या फोटोला आम्ही कुठलंच लावलं नाही. तो फोनमध्ये आहे तसाच आहे. म्हणजे, तसाच होता. काल उघडून पाहिला तर डोक्यामागे शिंगं नव्हती. हात खाली आलाय. माझ्या खांद्यावर, उठा आता, निघायचं ना, असं म्हणताना ठेवतात तसा. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

मांजर आत आहे ना, मास्तर?